यादीत नसलेला शिपाई

लोकांना वाटायचं, आमच्या कार्यालयात बंदुका असतील. लातूर जिल्हा नवा झाला आणि माजी सैनिकांसाठीचं सरकारी कार्यालय दोन भाड्याच्या खोल्यांत उघडलं, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला पहिल्याच आठवड्यात येऊन दबक्या आवाजात विचारून गेला, “साहेब, माल कुठं ठेवलाय?” माल म्हणजे तीन कपाटं, एक टाइपरायटर आणि उस्मानाबादहून ट्रकमधून आलेले कागदांचे गठ्ठे. जिल्हा फोडताना तालुके वाटले गेले, तशी माणसांची कार्डंही वाटली गेली. वाटणीत होतं ते झालं. काही कार्डं तिकडंच राहिली, काही इकडं आली ती वाळवीनं खाल्लेली, आणि काही माणसं अशी निघाली की त्यांचं कार्ड दोन्हीकडं नव्हतं.

मी स्वतः पंधरा वर्षं फौजेत काढली, पण कारकून म्हणून. बंदुकीपेक्षा टाइपरायटरच जास्त वाजवला. हवालदार होऊन घरी आलो आणि या कार्यालयात कल्याण संघटक म्हणून लागलो. नाव भारदस्त आहे. काम असं, की एसटीनं, जीपनं, नाहीतर पायी गावोगाव जायचं, फौजेतून परतलेली माणसं आणि न परतलेल्यांच्या बायका शोधायच्या, त्यांचे कागद तपासायचे, अडलं असेल तिथं अर्ज लिहून द्यायचा आणि मग त्या अर्जाचा पिच्छा पुरवायचा. आमचे वरिष्ठ एक निवृत्त मेजर होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की माने, या गठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका, पाटी कोरी समजा आणि प्रत्येक गावाची यादी नव्यानं करा.

कागदांत मुख्य कागद एकच, डिस्चार्ज बुक. फौज सोडताना मिळतं. लहानसं पुस्तक, त्यात नंबर, हुद्दा, भरती कधी, सुटका कधी, सुटकेचं कारण काय, चालचलन कसं, अंगावर ओळखीची खूण कोणती, सगळं असतं. ते असलं की माणूस माजी सैनिक. नसलं की नुसताच माणूस. पण पुस्तक बघण्याआधी माझी स्वतःची एक तपासणी असे. मी लढाईबद्दल कधी विचारत नसे, कारण लढाईबद्दल न गेलेलाच जास्त सांगतो. इकडचं तिकडचं बोलता बोलता मी मध्येच म्हणायचो, “नंबर?” खरा शिपाई असला की सगळे आकडे एका दमात बाहेर पडत, आणि तेही हिंदीत. नातवंडांची नावं विसरलेले म्हातारे मी पाहिलेत. नंबर विसरलेला एकही पाहिला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. उदगीरकडचे एक निवृत्त नाईक गाव सोडायचं झालं की आमच्याकडं रजेचा अर्ज पाठवत. मुलीच्या सासरी चार दिवस जायचं आहे, तरी रजा मंजूर व्हावी. पहिल्या वेळी मी उत्तर दिलं नाही, तर ते गेलेच नाहीत आणि मुलगी रुसून बसली. तेव्हापासून मेजरसाहेब त्या अर्जावर ‘मंजूर’ लिहून सही करत. दुसरे एक आजोबा बाजाराच्या दिवशी आले की आमच्या बाकावर तासभर बसत. काम काही नसे. गावात हिंदीत बोलायला कुणी नाही म्हणून येत. चहा घेत, “ठीक है बाबूजी” म्हणत आणि जात. घरच्यांची समजूत, कागदाचं काम अजून चालू आहे.

फौज सोडून आलेल्या माणसाला काय हवं असतं, असं कुणी विचारलं तर मी पेन्शन, जमीन, नोकरी असंच सांगेन. अर्जात तेच लिहिलेलं असतं. अर्जात लिहिता येत नाही असं काही मी एकदाच जवळून पाहिलं. त्यात माझीही चूक होती, म्हणून ते आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

औसा तालुक्यात मुख्य रस्त्यापासून आत एक गाव आहे. त्याला इथं टाकेवाडी म्हणू. यादी करायला मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा हवालदार व्यंकट बिराजदार यांच्याकडं उतरलो. पन्नाशीचे, शेती चांगली, उजवा गुडघा अधू. फौजेतून पूर्ण नोकरी करून आलेले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरासमोर चपलासुद्धा ओळीत असत. मी वही उघडली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, आणखी दोघांची सांगितली, आणि मग म्हणाले, “बौद्धवाड्यात अजून एक हाय, भगवान कांबळे. पन त्याला धरू नका. भगोडा हाय त्यो.”

भगोडा म्हणजे परवानगीशिवाय फौज सोडून पळालेला. आमच्यात याहून खालचा शब्द नाही. बिराजदारांनी सांगितलं, की बहात्तरच्या दुष्काळात ते रजेवर आले होते तेव्हा कांबळे गावात दिसला. रजा कधी संपते म्हणून विचारलं तर काही बोलला नाही. ते पुन्हा पुढच्या रजेला आले तरी तो गावातच. तेव्हाही बोलला नाही. पोलीस कसे आले नाहीत हेच नवल, असं ते म्हणाले.

कांबळेचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. हवालदार माणूस सांगतो आहे, आणि अडीचची जीप चुकली तर मुक्काम पडणार. मी वहीत तीन नावं लिहिली, खाली रेघ मारली आणि जीप धरली.

पुढं दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, बोअरमधून नुसती हवा यायला लागली आणि गावोगाव टँकर सुरू झाले. टँकर आला की भांडणं. कुणाचं डोकं फुटे, कुणाची घागर. कलेक्टर कचेरीत बैठक झाली तेव्हा आमचे मेजरसाहेब म्हणाले, की माझ्याकडं प्रत्येक मोठ्या गावात रांग लावायचं शिक्षण घेतलेला माणूस आहे, त्याला वापरा. कल्पना मान्य झाली. पगार नाही, गणवेश नाही, फक्त एक पत्र आणि एक शिट्टी. मी ती पत्रं वाटत फिरलो. ज्यांनी आमच्या एकाही पत्राला कधी उत्तर दिलं नव्हतं, ती माणसं दुसऱ्या दिवशी दाढी करून टँकरची वाट बघत उभी होती. एकानं तर मला विचारलं, रात्री पहारा ठेवू का? टँकर रात्री गावात नसतोच, हे मी त्याला समजावून सांगितलं.

टाकेवाडीत काम अर्थातच बिराजदारांकडं आलं. त्यांनी चुन्यानं रेघ मारली आणि सगळ्या गावाची रांग एक केली. त्याआधी बौद्धवाड्याच्या घागरी शेवटी भरत, उरलं तर. पहिल्या दिवशी काही लोकांनी कुरकुर केली. बिराजदारांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “मेसमधी ताट घेऊन हुबं ऱ्हात हुताव तवा पुढं कोन अन् मागं कोन, कदी बघितलं न्हाई. हितंबी बघनार न्हाई. ज्याला पटंना त्यानं लातूरहून पानी आनावं.” पटलं नाही असे होते, पण लातूरला कुणी गेलं नाही.

देखरेखीसाठी मी पंधरवड्यातून एकदा जायचो. अशाच एका सकाळी मी टँकरशेजारी उभा असताना एका बाईची पाळी आली. किरकोळ अंगाची, डोईवरचा पदर पुढं ओढलेली. मागून एक जण म्हणाला, “भगोड्याची घागर आली. धरून ठेवा, पळून जाईल.” लोक हसले. बिराजदारांनी शिट्टी वाजवली तसं हसणं थांबलं. बाईनं घागर भरली, मान वर न करता उचलली आणि गेली. ती कांबळेची बायको, सुगंधाबाई. बोलणाराला बिराजदार काही बोलले नाहीत. बोलणार कसे? तो शब्द गावाला त्यांनीच दिला होता. आणि मी तो वहीत उतरवला नव्हता एवढंच, पण मानला होता.

मग मी कांबळेला शोधत गेलो. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं, तिथं तो खडी फोडत होता. चाळिशीचा, वाळलेला माणूस. इतरांचे खडीचे ढीग कसेही पडलेले. त्याचा चारी बाजूंनी सूत धरल्यासारखा. मी कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला. मी विचारलं, “नंबर?”

त्यानं नंबर सांगितला. हिंदीत, एका दमात, आणि पुढं “सॅपर भगवान कांबळे”. सॅपर म्हणजे फौजेत रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीतला शिपाई. सांगताना त्याच्या टाचा जुळल्या होत्या. पायात चप्पल नव्हती.

पळून आलेली दोन-तीन माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. त्यांना दुसऱ्या कशाचं नाही, त्या नंबराचं भय असतं. ते नाव सांगतील, गाव सांगतील, नंबर सांगणार नाहीत. मी कांबळेला सरळ विचारलं, की तुम्ही पळून आलात काय.

“गाव म्हनतंय तसं.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मला काम हाय साहेब,” तो म्हणाला आणि खाली बसून हातोडी उचलली.

परत आल्यावर मी त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं. अशा कार्यालयांत प्रत्येक शिपायाचा कागद जपून ठेवलेला असतो, जिवंत असो वा नसो. दीड-दोन महिन्यांनी उत्तर आलं. कांबळेला त्याच्या स्वतःच्या विनंतीवरून, घरच्या अडचणीमुळं, रीतसर मुक्त केलं होतं. चालचलन : उत्तम. मेजरसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. ते म्हणाले, की भगोडा नाही हे नक्की. पण मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून सुटलेला माणूस आपल्या नियमात माजी सैनिक ठरत नाही, तेव्हा त्याला यादीत घेता येणार नाही. मी म्हणालो, यादीचं पुढं बघू, आधी हे गावाला सांगतो. त्यांनी विचारलं, “त्याला विचारलंत का?” मला तो प्रश्न तेव्हा कळला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी टाकेवाडीला गेलो. टँकर आलेला होता, सगळं गाव रांगेत होतं, आणि कामाला सुट्टी असल्यामुळं कांबळे स्वतः दोन घागरी घेऊन उभा होता. मला वाटलं, योग चांगला आहे. मी बिराजदारांना शिट्टी वाजवायला लावली, टँकरच्या पायरीवर चढलो आणि पत्र मराठी करून मोठ्यानं वाचलं. सॅपर भगवान कांबळे हे पळून आलेले नाहीत. त्यांनी स्वतः विनंती केल्यावरून त्यांना सन्मानानं मुक्त करण्यात आलं आहे. चालचलन उत्तम. वाचताना माझा आवाज जरा चढलाही असेल. कारकुनाच्या आयुष्यात असे प्रसंग कमी येतात.

कांबळे रांगेतून बाहेर आला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “हे तुमाला कुनी कराय सांगितलं हुतं?”

आणि तो घराकडं चालू लागला. घागरी रांगेतच राहिल्या.

मी पत्र हातात धरून उभा. बिराजदारांचा चेहरा उतरला होता. त्यांनी शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिली, कांबळेच्या घागरी आधी भरायला सांगितल्या आणि मला म्हणाले, “चला.” लंगडत लंगडत ते पुढं, मी मागं, असे आम्ही बौद्धवाड्यात गेलो. ते तिथं सहसा येत नसावेत, कारण बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

कांबळे भिंतीला टेकून बसला होता. बिराजदार उंबऱ्याबाहेर थांबले आणि तिथूनच बोलले. “कांबळे, चूक माझी हाय. तुला न इचारता बोललो. तेरा वर्सं बोललो.”

कांबळेनं त्यांना आत बसायला सांगितलं. मग कोपऱ्यातली पेटी उघडली, तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. डिस्चार्ज बुक होतं. कोरं करकरीत, आतल्या पानाला एक डाग नाही.

“हे माज्यापाशी हुतंच,” तो म्हणाला.

पुढचं त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्याचे वडील खडीच्या कामावरच वारले. मागं आई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दोन लहान बहिणी. आईनं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. त्यानं सुटकेचा अर्ज केला, तो परत आला. दुसरा केला, तो मंजूर झाला. त्याची तुकडी तेव्हा उंच डोंगरात रस्ता मोकळा ठेवायच्या कामावर होती. निरोपाच्या दिवशी तुकडीतल्या मुलांनी त्याला दूध घालून चहा दिला. तिथं दूध मिळत नसे, कुणीतरी डबा जपून ठेवला होता. तो घरी आला आणि तीन महिन्यांच्या आत एका ओळखीच्याचं पत्र आलं. कोसळलेली दरड हटवताना वरचा कडा खाली आला होता. तुकडीतलं कुणी वाचलं नव्हतं.

“आठ जनांची तुकडी हुती,” तो म्हणाला. “त्यातले सात गेले.”

मग तो बिराजदारांकडं बघून म्हणाला, “तुमी भगोडा म्हनलाव तवा मला वाटलं, बरूबर नाव सापडलं. पुस्तक दावलं असतं तर तुमी गप बसला असता. पन पुस्तकात काय हाय? सवताच्या इनंतीवरून. म्या माज्या तोंडानं मागितलं, की मला जाऊ द्या. ते गावाला कसं दावू?”

तेच मी तासापूर्वी टँकरवर चढून वाचून दाखवलं होतं.

सुगंधाबाईंनी पाणी आणून ठेवलं. बिराजदारांनी भांडं उचललं, पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं. ते लगेच उठले नाहीत. गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, “उद्या सहाला टँकर हाय. माजा गुडगा काम देईना. लाईन तू लाव.”

“मी यादीत न्हाई,” कांबळे म्हणाला.

“यादी ह्यांची हाय. लाईन माजी हाय. सहाला म्हंजी पावनेसहा.”

यावर कांबळे काही बोलला नाही. पण फौजेत हुकमावर न बोलणं म्हणजे होकार असतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तो चुन्याचं घमेलं घेऊन तिथं होता, असं मला नंतर कळलं. टँकर बंद होईपर्यंत त्यानं एक दिवस खाडा केला नाही. बिराजदार दगडावर बसून बघत आणि रांग वाकडी झाली तरी मध्ये बोलत नसत.

त्या दिवशी निघताना मी कांबळेची माफी मागितली. आणि विचारलं, की माझ्याच्यानं काही होण्यासारखं आहे का. यादीत नाव येणार नाही, हे आधीच सांगितलं. पुढं मी दोनदा प्रस्ताव पाठवला. दोन्ही वेळा नियमाचा आकडा लिहून परत आला. टाकेवाडीच्या यादीत माझ्या निवृत्तीपर्यंत तीनच नावं होती. पण कांबळेनं यादीचं नावच काढलं नाही. तो म्हणाला, की त्या सात जणांच्या घरी जायचं आहे. नावं, नंबर सगळे पाठ आहेत, पत्ते नाहीत.

हे मात्र माझं काम होतं. आमच्यासारखी कार्यालयं प्रत्येक जिल्ह्यात असतात आणि तिथं माझ्यासारखा एखादा कारकून असतोच. मी सात पत्रं टाइप केली. उत्तरं यायला वर्ष गेलं. सातांपैकी पाच घरं सापडली आणि पाचही ठिकाणी कांबळे जाऊन आला. मी फक्त पहिल्या ठिकाणी बरोबर होतो, म्हणून तेवढंच सांगू शकतो.

पहिला पत्ता आला तो नांदेडचा. गंगाधर साखरे, अर्धापूरजवळचं एक खेडं. तोवर पाऊस होऊन टँकर बंद झाले होते. कांबळे इस्त्रीचा सदरा घालून लातूरच्या स्टँडवर आला. मला नांदेडला काम आहे, असं मी त्याला सांगितलं. नव्हतं. मागच्या वेळी न विचारता बोललो होतो, या वेळी निदान सोबत असावं असं वाटलं. गंगाधर पंक्तीत शेवटी बसायचा आणि सगळ्यांच्या आधी उठायचा, एवढंच त्यानं वाटेत सांगितलं.

अर्धापूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते. त्यांतल्याच एका मळ्यात गंगाधरची आई अनसूयाबाई कामाला होती. स्वतःची जमीन नव्हती. धाकट्या मुलाचं घर मळ्याच्या कडेलाच. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीवर बसून होती, केळीच्या चिकानं हात काळे झालेले. धाकटा मुलगा कामावर, सून आत. मी कोण, कुठून आलो ते सांगितलं. कांबळे जमिनीवर बसला. त्यानं नुसतं स्वतःचं नाव सांगितलं.

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “भगवान म्हंजे, मायीपायी घरी गेला त्यो?”

जे सांगायला तो तेरा-चौदा वर्षांनी इतक्या लांब आला होता, ते तिला आधीच माहीत होतं. गंगाधरनं पत्रात लिहिलं होतं. तिनं सांगितलं, की त्या वर्षी इकडंही पाणी नव्हतं. गंगाधरचे पैसे येत, त्यावर घर चाले. आणि गंगाधरचं पत्र आलं, की भगवान आईसाठी घरी गेला, मलाही आता यावंसं वाटतं, अर्ज करू का? तिनं मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं.

“म्या लिवाय सांगितलं, येऊ नगं. हितं घोटभर पानी न्हाई. तू आल्यावर तुला काय घालू? हाय तितंच ऱ्हाय.”

ती उठून आत गेली आणि एक पत्र घेऊन आली. गंगाधरच्या सामानाबरोबर ते परत आलं होतं. तिला वाचता येत नव्हतं आणि धाकट्याला तिनं ते कधी वाचू दिलं नव्हतं. पत्र तिनं कांबळेच्या हातात दिलं.

“एवढंच सांग बाबा. हे त्याला भेटलं हुतं का? वाचलं हुतं का त्यानं?”

मी शेजारीच बसलो होतो. निळं आंतर्देशीय पत्र. तिन्ही कडा पात्यानं नीट कापलेल्या. घड्या इतक्या मऊ पडलेल्या, की दोन ठिकाणी कागद विरला होता. सदऱ्याच्या खिशात दिवसेंदिवस ठेवलेला, पुन्हा पुन्हा उघडलेला कागद कसा होतो ते मला माहीत आहे. माझा जन्म कागद बघण्यात गेला.

कांबळेनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. घाई केली नाही. मग परत घडी घालून तिच्या हातात ठेवलं.

“न्हाई माय,” तो म्हणाला. “तितं बरफ पडला की टपाल महिना महिना वर चढत न्हाई. हे मागून आलं असंल. त्याला भेटलंच न्हाई.”

म्हातारी माझ्याकडं वळली. “साहेब, तुमी कागदातले मानूस. असं हुतंय का?”

सबंध नोकरीत मी खोट्या कागदाला खरं म्हटलेलं नाही. त्यावर सही केलेली नाही. मी म्हणालो, “होतं. तिकडं असंच होतं.”

तिनं पत्र दोन्ही हातांत धरलं. आत सून भांडी घासत होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

“म्हंजी त्यो अर्ज करनार हुता,” म्हातारी म्हणाली.

“हाव,” कांबळे म्हणाला. “करनार हुता. मला म्हनला हुता, तुज्या मागून मी येतो.”

तिनं मान हलवली. मग सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, आणि पाहुणे जेवून जातील असंही सांगितलं. आम्ही जेवलो. तिनं कांबळेला वाढताना तो नको नको म्हणत होता, तरी वाढतच राहिली.

परतीच्या वाटेवर आम्ही अर्धापूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभे होतो. गाडीला उशीर होता. पत्राबद्दल कांबळे काही बोलला नाही आणि मी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “साहेब, दुसरा पत्ता आला की कळवा. मी एकटा जाईन.”